आधी चित्र पाहावे, मग तुकड्यांचा आकडा

गुहागर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र:

"माझे यजमान एस. टी. मध्ये चालक होते. सहा महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले. आम्ही गावीच राहतो, सोबत ८३ वर्षांच्या सासूबाई आहेत. मुलगा, सून आणि ५ व ९ वर्षांची नातवंडे मुंबईला असतात. निवृत्तीनंतर ह्यांचा दिवस सरत नाही. सकाळी थोडा वेळ बागेत जातो, मग मोबाइल घेऊन ओटीवर बसतात ते संध्याकाळपर्यंत. रात्री झोप लागत नाही. मेंदूला चालना मिळेल म्हणून मुलाने २००० तुकड्यांचे जिगसॉ पझल, म्हणजे तुकडे जोडून चित्र पुरे करायचे कोडे, पाठवले. चित्र बर्फातल्या परदेशी राजवाड्याचे आहे. ह्यांनी तीन संध्याकाळी बसून त्याची कड लावली आणि मग 'माझे डोके आता चालेनासे झाले' असे म्हणून सगळे खोक्यात भरून ठेवले. तेव्हापासून ते अधिकच गप्प झाले आहेत. पावसामुळे खोक्यालाही कुबट वास येऊ लागला आहे. पझल लावणे खरोखर मनाला आणि स्मरणशक्तीला चांगले असते का? असल्यास कोणते घ्यावे? सासूबाईंसाठीही काही सुचवावे."

ताई, तुमच्या पत्रातील एका गोष्टीकडे तुमचे स्वतःचे लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. तुमच्या यजमानांनी तीन संध्याकाळी बसून कड लावली, असे तुम्ही लिहिले आहे. २००० तुकड्यांचे कोडे साधारणपणे ५० बाय ४० असे कापलेले असते, म्हणजे त्याच्या कडेचे तुकडे पावणेदोनशेच्या घरात जातात. दोन हजारांच्या ढिगातून सरळ बाजू असलेले पावणेदोनशे तुकडे वेचून काढायचे आणि ते योग्य क्रमाने जोडून चौकट पुरी करायची, हे काम ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच पझल हातात घेतले आणि तरीही तीन संध्याकाळी पुरे केले, त्याचे डोके चांगले चालते. हे त्यांना अवश्य सांगा, आणि आकड्यासह सांगा. नुसत्या धीराच्या शब्दांपेक्षा हा हिशेब त्यांना अधिक पटेल.

ते अडले ते चित्रामुळे. जिगसॉ लावताना आपण दोन खुणांचा आधार घेतो. पहिली खूण तुकड्यावरच्या रंगाची आणि रेषेची, दुसरी त्याच्या आकाराची, म्हणजे बाहेर आलेला कान कुठे आहे आणि आत गेलेली खाच कुठे आहे याची. चित्रात खिडक्या, पाट्या, माणसे, झाडे असली की पहिल्या खुणेवरच निम्मे काम होते. बर्फ, निरभ्र आकाश किंवा शांत पाणी आले की ती खूण नाहीशी होते आणि एकेका जागेसाठी एकेक तुकडा लावून पाहत बसण्यावाचून मार्ग उरत नाही. समजा त्या चित्रातला तिसरा हिस्सा पांढरा आहे. तसे असेल तर तुमच्या यजमानांसमोर साडेसहाशे जवळपास सारखेच तुकडे होते. अनेक वर्षे पझल लावणारी माणसेही असे चित्र लांबणीवर टाकतात.

त्यामुळे कोडे निवडताना खोक्यावरचा आकडा पाहण्याआधी चित्र पाहावे, हे माझे ठाम मत आहे. जे चित्र दोन-तीन आठवडे रोज डोळ्यांसमोर राहणार आहे, ते पाहणाऱ्याच्या जिव्हाळ्याचे हवे. तुमच्या यजमानांच्या बाबतीत मला गजबजलेल्या बाजाराचे, बंदरातल्या रंगीत होड्यांचे, रेल्वे स्थानकाचे, जुन्या मोटारगाड्यांचे किंवा वळणावळणाच्या डोंगररस्त्याचे चित्र सुचते. ज्या माणसाने कुंभार्ली घाटाची वळणे रात्री-अपरात्री, धुक्यात आणि पावसात गाडी घेऊन पार केली आहेत, त्याच्या नजरेला अंतर, कोन आणि वळण यांची पारख नक्कीच असणार, आणि हीच पारख जिगसॉला लागते. चित्रात ठळक रंगांचे निदान सात-आठ वेगवेगळे भाग आहेत ना, एवढे खोक्यावर पाहून घ्यावे. एक इशारा मात्र देऊन ठेवते. आपण समुद्राकाठची माणसे समुद्राच्या चित्राला भुलतो. वेळणेश्वरच्या किनाऱ्याचा सुंदर फोटो पझलसाठी अर्धे आकाश आणि अर्धे पाणी एवढाच असतो, आणि त्यात बर्फाचीच गत होते. समुद्र हवाच असेल तर दाभोळच्या धक्क्यावर लागलेली फेरीबोट, तिच्यातून उतरणाऱ्या गाड्या आणि माणसे असे काही त्यात असू द्यावे.

हल्ली स्वतःच्या फोटोचे पझल करून मिळते. ते मायेचे असते, परंतु पुष्कळदा त्याचा पुठ्ठा पातळ असतो आणि तुकडे सैल बसतात. पहिले कोडे तसे घेऊ नये असे मला वाटते.

आता आकडा. तुमच्या यजमानांसाठी ५०० तुकडे पुरेसे आहेत. पाचशेवरून हजारावर गेले की काम दुप्पट होते असे आपण धरून चालतो, पण ते दुपटीहून बरेच वाढते, कारण तुकडेही दुप्पट होतात आणि प्रत्येक तुकडा ज्यांच्यातून शोधायचा तो ढीगही दुप्पट होतो. याच हिशेबाने २००० तुकड्यांचे कोडे नवख्या माणसाच्या हाती देणे ही मुलाची चूक झाली, पण ती प्रेमापोटी झालेली चूक आहे. जागेचाही विचार हवा. ५०० तुकड्यांचे चित्र पुरे झाल्यावर साधारण ४९ बाय ३६ सेंटिमीटर होते, १००० चे ७० बाय ५०, आणि २००० चे जवळजवळ एक मीटर बाय पाऊण मीटर. सुटे तुकडे पसरायला याच्या दुप्पट जागा लागते. तुमच्या घरी राजवाडा नेमका कुठे मांडला होता हे पत्रात नाही, पण जेवणाच्या टेबलावर मांडला असेल तर रोज रात्री तो आवरावा लागत असणार, आणि रोज आवरावे लागणारे पझल फार काळ टिकत नाही.

त्यासाठी गावच्या सुताराकडून दोन फूट बाय दीड फूट मापाचा प्लायवूडचा तुकडा कापून घ्यावा आणि त्यावर जुनी सुती चादर ताणून बसवावी, म्हणजे तुकडे घसरत नाहीत. पाहुणे आले, गणपतीचे मखर उभे राहिले, की अर्धवट चित्रासह ती फळी उचलून खाटेखाली सरकवता येते. सुटे तुकडे रंगांनुसार वेगळे ठेवण्यासाठी घरातली सुपे आणि जेवणाची ताटे उत्तम. बसणे मात्र टेबल-खुर्चीवर असावे. आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाच्या कमरेला पाटावर वाकून बसणे मानवणार नाही, आणि टेबलापाशीही अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. पावसाळ्यात आपल्याकडे भर दुपारी घरात अंधारून येते, त्यामुळे पांढऱ्या उजेडाचा एक दिवा जवळ हवा आणि तो डाव्या बाजूला हवा, म्हणजे उजव्या हाताची सावली तुकड्यांवर पडत नाही. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप उमटते म्हणून मॅट छपाईचे कोडे मिळाल्यास तेच घ्यावे.

तुमचा मुख्य प्रश्न स्मरणशक्तीचा आहे आणि तिथे मी तुम्हाला खरे तेच सांगणार आहे. जर्मनीतील उल्म विद्यापीठाच्या संशोधकांनी पन्नाशीच्या पुढच्या १०० निरोगी माणसांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील एका गटाने ३० दिवस रोज किमान एक तास जिगसॉ लावले. महिनाअखेर तपासणी केली तेव्हा त्यांच्या एकंदर बौद्धिक क्षमतेत डॉक्टरी दृष्टीने महत्त्वाची म्हणावी अशी वाढ आढळली नाही. मात्र ज्यांनी आयुष्यात पुष्कळ पझल लावली होती त्यांची आकार व जागा ओळखण्याची क्षमता अधिक चांगली दिसली. ती पझलमुळे वाढली, की मुळातच चांगली असल्यामुळे ती माणसे पझलकडे वळली, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. तात्पर्य, एका महिन्याचे पझल हे स्मरणशक्तीचे औषध आहे असा दावा खोक्यावर केलेला दिसला तर त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

मग ते लावावे कशासाठी? माझ्या मते मनासाठी, आणि त्याचे कारण सरळ आहे. निवृत्त माणसाच्या डोक्यात दिवसभर मोठे आणि उत्तर नसलेले प्रश्न घोळत असतात. पझल त्याच्यासमोर एका वेळी एकच लहानसा प्रश्न ठेवते, आणि त्याचे उत्तर बरोबर आले की नाही ते बोटांना तत्काळ कळते. वर्षानुवर्षे वेळापत्रकावर गाडी चालवून संध्याकाळी 'आजची फेरी झाली' असे म्हणत आलेल्या माणसाच्या आयुष्यातून हे 'झाले' म्हणणेच निवृत्तीबरोबर निघून जाते. लावून झालेला एक कोपरा ते थोडेसे परत देतो. मोबाइलवर पझलची ॲप आहेत, पण तुमची तक्रारच मोबाइलची असल्याने त्या वाटेला जाऊ नये.

मुलाने पझल पाठवताना 'मेंदूला चालना' हा हेतू बोलून दाखवला, तिथेच त्या पझलला परीक्षेचे रूप आले, आणि परीक्षेत नापास झालो असे तुमच्या यजमानांनी मनाला लावून घेतले. पुढचे कोडे घरात येईल तेव्हा त्याच्या फायद्याबद्दल कोणी काही बोलू नये, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

इथे थोडे थांबून पझलपलीकडचे सांगणे मला कर्तव्य वाटते. सहा महिने टिकलेली निद्रानाशाची तक्रार, वाढलेला अबोला आणि स्वतःविषयीचा निराशेचा सूर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्याला निवृत्तीनंतरची हुरहुर म्हणून सोडून देऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न राहणे, आवडत्या गोष्टीत रस न वाटणे, जेवण कमी होणे अशी लक्षणे सोबत असतील तर डॉक्टरांना दाखवावे. ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे, पैशांच्या हिशेबात नव्याने चुका होणे असे काही दिसत असेल तर ते विशेष आवर्जून सांगावे. विसराळूपणामागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा बिघाडही असू शकतो. तो साध्या रक्ततपासणीत कळतो आणि त्यावर उपचार आहेत. घरून बोलणे सोपे वाटत असेल तर शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्याच्या नावाची आपल्याकडे अजून भीती बाळगली जाते, पण झोप आणि खिन्नता यांसाठी बाह्यरुग्ण विभागात जाऊन त्याच दिवशी घरी परतण्यात कमीपणाचे काहीही नाही.

सासूबाईंसाठी कोडे निवडताना सर्वांत आधी त्यांच्या डोळ्यांचा विचार करावा. वयानुसार डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते आणि निळ्या-जांभळ्या छटांमधला फरक कळेनासा होतो. मोतीबिंदू असेल तर त्यात भर पडते, म्हणून एकदा तपासणी करून घ्यावी. त्यांना २० ते ४० मोठे आणि जाड तुकडे पुरेत, आणि रंग लाल, पिवळा, हिरवा असे ठसठशीत असावेत. अडचण अशी की इतके कमी तुकडे असलेली कोडी दुकानात लहान मुलांच्या खणात असतात आणि त्यांच्यावर बदके नि फुगे छापलेले असतात. ८३ वर्षांच्या, घर चालवलेल्या बाईंसमोर ते ठेवू नये असे मला अगदी मनापासून वाटते.

यावर एक जुना आणि सोपा मार्ग आहे. जिगसॉची सुरुवात १७६० च्या दशकात लंडनमध्ये झाली. जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापला. मुलांना भूगोल शिकवणे हा त्याचा उद्देश होता, आणि त्या तुकड्यांना आजच्यासारखे अडकणारे कान नव्हते. तुम्हीही हेच करू शकता. व्याडेश्वराच्या उत्सवाचा, घरच्या लग्नाचा किंवा सासूबाईंच्या माहेरच्या घराचा मोठा फोटो छापून घ्यावा, तो साध्या प्लायवर नीट चिकटवावा आणि सुताराला त्याच्या जिगसॉ यंत्राने, म्हणजे वळणे कापणाऱ्या करवतीने, २०-२५ तुकडे करायला सांगावे. तुकड्यांच्या कडा सॅंडपेपरने घासून गुळगुळीत कराव्यात. चौकटीसाठी भोवती बारीक पट्टी ठोकली की तुकडे सरकत नाहीत. आपल्याकडे सावंतवाडीला पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी करणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, त्यामुळे आपल्या भागातल्या कारागिरांना असे काम मुळीच परके नाही. चेहरे ओळखता ओळखता सासूबाई त्या लग्नाची गोष्ट सांगू लागतील, आणि ती ऐकायला त्यांचा मुलगा शेजारी असेल तर फारच उत्तम.

नातवंडांचे थोडक्यात सांगते. पाच वर्षांच्या मुलाला ४८ ते ६० तुकडे आणि नऊ वर्षांच्या मुलाला २०० ते ३०० तुकडे जमतात. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा लाकडी नकाशा मिळाला तर अवश्य घ्यावा. मे महिन्याच्या सुटीत 'हा जिल्हा कुठला, तिथे जायला गाडी कुठून सुटते' हे सांगायला आजोबांइतका जाणता माणूस त्यांना मिळणार नाही.

राहिला पावसाचा प्रश्न, आणि तो आपल्या किनाऱ्यावर खरोखरच मोठा आहे. जिगसॉ म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला छापील कागद, पोलादी पात्यांच्या साच्याखाली दाबून कापलेला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या हवेत पुठ्ठा ओलावा शोषून फुगतो, तुकडे एकमेकांत घट्ट रुततात आणि ओढून काढताना वरचा कागद सुटतो. माझ्या घरी एका श्रावणात पडवीत राहिलेले १००० तुकड्यांचे कोडे अशा रीतीने माझ्याच निष्काळजीपणामुळे वाया गेले, तेव्हापासून मी नियम पाळते. कोडे दुकानातल्या खोक्यात ठेवत नाही. झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात ठेवते, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चार पुड्या टाकते आणि खोक्यावरचे चित्र कापून सोबत ठेवते. तुमच्या राजवाड्याला कुबट वास येत असेल तर पंख्याखाली वर्तमानपत्रावर तुकडे दोन दिवस पसरून ठेवावेत. कडक उन्हात ठेवू नयेत, पुठ्ठा वाकतो. काळे-हिरवे डाग दिसले तर ते तुकडे, विशेषतः दमा असलेल्या माणसाच्या घरात, ठेवू नयेत. जुलै-ऑगस्टमध्ये नवीन कोडे उघडण्याची घाई करू नये, शक्य असल्यास दसऱ्यानंतर उघडावे.

विकत घेताना पुठ्ठा जाड आहे का हे पाहावे. सुमारे दोन मिलिमीटर जाडी चांगली. जोडलेले दहा-बारा तुकडे एकत्र उचलले तरी सुटत नसतील तर कापणी चांगली समजावी. सगळे तुकडे चार बाजूंना चार कान-खाचांचे, एकाच घडणीचे असतील तर चुकीचा तुकडाही जागेवर बसल्यासारखा वाटतो आणि नवख्याचा गोंधळ होतो. वेड्यावाकड्या, निरनिराळ्या आकारांचे तुकडे असलेली कापणी सुरुवातीला सोयीची. भारतीय बनावटीची ५०० तुकड्यांची कोडी काहीशे रुपयांत मिळतात आणि सुरुवातीला ती पुरेशी आहेत. तुकडे मोजून पाहिले आणि आकडा थोडा पुढेमागे निघाला तर घाबरू नये. १००० चे म्हणून विकले जाणारे कोडे पुष्कळदा ३८ बाय २७ म्हणजे १०२६ तुकड्यांचे असते.

एकदा लावून झालेले कोडे पुन्हा लावायचा कंटाळा येतो आणि दर वेळी नवे घेणे परवडत नाही. १९३० च्या दशकातील मंदीत अमेरिकेत पुठ्ठ्याची स्वस्त कोडी घरोघर पोचली, तेव्हा तिथली ग्रंथालये पुस्तकांप्रमाणे तीही घरी नेण्यासाठी देत असत. आपल्या जिल्ह्यात रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४ पासून आहे. वाचनालयाची अशी ओढ असलेल्या भागात तुमच्या गावच्या वाचनालयाने एक कप्पा पझलच्या अदलाबदलीसाठी ठेवला तर कोणाला जड जाऊ नये. तुमच्या यजमानांना चार माणसांत मिसळायला तेही एक निमित्त होईल, त्यामुळे ग्रंथपालांशी बोलायला त्यांनाच पाठवावे.

नवे कोडे आले की ते तुमच्या यजमानांच्या हाती देऊ नका. संध्याकाळचा दिवा लावून झाला की टेबलावर फळी मांडा आणि तुम्ही स्वतः बसा. त्यांना बोलावू नका, मदतही मागू नका. कड लावायला घ्या आणि चहाचे दोन कप तिथेच आणा. पहिल्या दिवशी ते येणार नाहीत, कदाचित तिसऱ्या दिवशीही येणार नाहीत. पण उलटा धरलेला तुकडा पाहून जाता जाता हात पुढे करणार नाही असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्यांनी तो लावला की कौतुक करू नका, पुढचा तुकडा शोधू लागा.

त्या राजवाड्याचे तुकडे टाकू नयेत किंवा मुलाला परतही पाठवू नयेत. त्यांनी लावलेली कड वेगळ्या पिशवीत जपून ठेवावी. मे महिन्यात सगळे गावी आले की माजघरात मोठी चटई अंथरून, आणि यजमानांसाठी शेजारी खुर्ची ठेवून, तो मांडावा. खिडक्या आणि बुरूज नऊ वर्षांच्या नातवंडाकडे द्यावेत, झाडे तुम्ही घ्यावीत, आणि पांढऱ्या बर्फाचे तुकडे मुलासमोर ठेवून वडिलांनी एकट्याने लावलेली चौकट त्याला दाखवावी.